गिअरबॉक्स उघडणारा माणूस शोधताना

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत ऑटोमॅटिक गाड्यांवर आलेला लेख वाचला. डाव्या पायाला सुट्टी, गर्दीत आराम, हे सगळं खरं आहे. डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मीही त्याच कारणाने ऑटोमॅटिक घेतली. पण या गिअरबॉक्समधलं ऑइल आयुष्यभर पुरतं, त्याकडे बघावंही लागत नाही, असं लेखात म्हटलं आहे. कोणाचं आयुष्य, ते मात्र लेखात नाही. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाचाही हाच समज असावा, आणि त्या समजुतीचं ओझं पुढे माझ्या गळ्यात पडलं.

मी तंत्रनिकेतनाच्या हायड्रॉलिक्स प्रयोगशाळेत तीस वर्षं साहाय्यक होते. पंप, व्हॉल्व्ह, प्रेशर गेज, गळक्या ओ-रिंगा यांच्यात आयुष्य गेलं. त्यामुळे माझ्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये थोडे बदल करून देणारा माणूस आपण आठवड्यात शोधू, असा मला फाजील आत्मविश्वास होता. पाच महिने लागले.

आधी तक्रार सांगते. गाडी सतरा वर्षांची, चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली साधी ऑटोमॅटिक. माझ्याकडे येऊन नऊ वर्षं झाली, एकूण १,४०,००० किलोमीटर चाललेली. दुसऱ्यातून तिसरा गिअर पडताना इंजिन क्षणभर मोकळं ओरडायचं आणि मग गाडी ओढली जायची, जणू दोन पायऱ्यांच्या मध्ये तिचा पाय अधांतरी राहतोय. लेकीकडे जाताना मोठा चढ लागतो. तिथे तिसरा-चौथा, तिसरा-चौथा असा तिचा खेळ सुरू व्हायचा आणि वर पोहोचेपर्यंत करपल्यासारखा वास यायचा. मला हवं होतं ते इतकंच: गिअर जरा ठाम पडावेत आणि ऑइल थंड राहावं. परदेशी मासिकांत मी 'शिफ्ट किट'बद्दल वाचलं होतं. काही स्प्रिंगा, मोठ्या भोकांची एक पत्र्याची प्लेट, आणि गिअर चटकन पडतो. ते किट बसवून देणारा माणूस हवा, एवढ्यावर मी घराबाहेर पडले.

पहिल्या ठिकाणी एका उत्साही तरुणाने माझं म्हणणं अर्धंच ऐकलं. "काकू, हाय-स्टॉल कन्व्हर्टर टाकू, पिकअप बघा काय येतो!" कन्व्हर्टर म्हणजे ऑइलने भरलेल्या भांड्यातली समोरासमोरची दोन पाती-चाकं. इंजिन एक फिरवतं, त्याने उडवलेलं ऑइल दुसऱ्याला फिरवतं. गाडी ब्रेकवर जखडून पूर्ण रेस दिली तर इंजिन ज्या फेऱ्यांवर अडतं, तो स्टॉल स्पीड. तो वाढवला की सुटताना इंजिन वरच्या फेऱ्यांत जातं आणि गाडी झेपावते, हे बरोबर. पण दोन्ही चाकांत घसरण वाढते, आणि घसरण म्हणजे उष्णता. माझं दुखणंच उष्णतेचं. शर्यतीत सरळ रेषेत धावणाऱ्या गाडीचं औषध तो माझ्या चढावरच्या म्हातारीला पाजायला निघाला होता. मी त्याला विचारलं, "ऑइलचं तापमान किती जाईल?" तो म्हणाला, "टेन्शन नका घेऊ." मी तिथून निघाले.

दुसऱ्या ठिकाणी सगळ्यावर एकच उपाय होता: यंत्र लावून दाबाने ऑइल फ्लश करायचं. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून बघायचंही कोणाला सुचलं नाही. ऑइल लाल आहे की तपकिरी, त्याला जळका वास आहे का, पॅनच्या तळाशी लोहचुंबकावर राखाडी लगदा साचला आहे की धातूचे कण, यातलं काही न बघता औषध ठरलेलं. आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपली. तिथल्या टेबलावर एक व्हॉल्व्ह बॉडी उघडी पडली होती आणि शेजारी कॉटन वेस्टचा ढीग. व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे या गिअरबॉक्सचा मेंदू म्हणा. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात नागमोडी वाटा, आणि बोअरमध्ये, म्हणजे गोल भोकांत, सरकणारे बोटाएवढे स्पूल व्हॉल्व्ह. स्पूल आणि बोअर यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी. तिथे सुताचा एक धागा गेला तरी व्हॉल्व्ह अडकतो. प्रयोगशाळेत मी मुलांना कॉटन वेस्टवरून इतकं बोलले आहे की माझ्या निरोप समारंभात त्यांनी मला त्याचाच गुच्छ दिला होता. तिथे गाडी ठेवणं शक्यच नव्हतं.

तिसऱ्याने फोनवर सांगितलं, "मॅडम, ऑटोमॅटिक सगळ्या सारख्याच असतात. घेऊन या." हा फोन मात्र मला फार उपयोगी पडला, कारण तिथून पुढे कोणाकडे जायचं नाही ते ठरवायला मला एक चाळण मिळाली. सगळ्या सारख्या नसतात. माझ्या गाडीसारखीत कन्व्हर्टर, प्लॅनेटरी गिअर (मधल्या चाकाभोवती फिरणारी दातेरी चाकं) आणि ऑइलच्या दाबाने आवळणारे क्लच असतात. सीव्हीटी या प्रकारात दोन पुलींमधला पोलादी पट्टा असतो. तो पकडून ठेवण्यावरच सगळा खेळ, आणि चुकीचं ऑइल घातलं तर तोच घसरतो. ड्युअल क्लचमध्ये सम आणि विषम गिअरांसाठी वेगळे क्लच. एएमटी तर नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा करते. म्हणजे एएमटीच्या झटक्यांवर शिफ्ट किट मागणं आणि माझ्या गाडीला क्लच प्लेट बदलून घ्या म्हणणं, दोन्ही सारखंच हास्यास्पद. शिवाय एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळे गिअरबॉक्स बसवलेले असतात. म्हणून चौथ्या, पाचव्या, सहाव्या फोनला मी एकच गोष्ट बघितली: समोरचा गिअरबॉक्सचा कोड विचारतो का? तो कोड केसिंगवरच्या पट्टीवर, काही गाड्यांत दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. बहुतेकांनी रंग आणि मॉडेल विचारलं. रंग कशासाठी, देव जाणे.

कोड विचारला तो सातव्या फोनवर. पन्नाशीचे, बोलायला तुसडे वाटावेत असे एक मिस्त्री. त्यांनी कोड विचारला, नंतर ऑइल शेवटचं कधी बदललं ते, मग चढावर गाडीत किती माणसं आणि किती सामान असतं ते, आणि शेवटी, "लिव्हरवरचं ओव्हरड्राइव्हचं बटण दाबता का?"

संपादक महोदय, नऊ वर्षं ते बटण माझ्या अंगठ्याखाली होतं आणि मी ते एकदाही दाबलं नव्हतं. ते दाबलं की चौथा गिअर बंद होतो, गाडी तिसऱ्यातच राहते, आणि तिसरा-चौथा हा खेळच थांबतो. पुढच्या फेरीला दाबून बघितलं. अर्धी तक्रार तिथेच संपली. हायड्रॉलिक्समध्ये तीस वर्षं काढलेल्या बाईला हे कळू नये, याची लाज वाटली आणि मिस्त्रींबद्दल आदरही वाटला. पुढचे दोन दिवस मी घरात कोणाला हे सांगितलं नाही.

उरलेली अर्धी मात्र खरी होती. गाडी नेल्यावर त्यांनी लगेच पाना उचलला नाही. आधी गाडीच्या इलेक्ट्रॉनिक युनिटमधले आकडे दाखवणारा स्कॅनर लावून मला शेजारी बसवून चढावर नेलं. कन्व्हर्टरच्या आत एक लॉकअप क्लच असतो. ठरावीक वेगाला तो दोन्ही चाकं जोडून टाकतो आणि घसरण संपते. तेव्हा इंजिनच्या आणि गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टच्या फेऱ्या जवळपास सारख्या दिसायला हव्यात. माझ्या गाडीत गार असताना दिसत होत्या. ऑइल तापल्यावर शंभर-दीडशे फेऱ्यांचा फरक पडायला लागला. चढाच्या माथ्यावर तापमान होतं १२१ अंश सेल्सिअस. या ऑइलला ऐंशी-नव्वद अंश मानवतात. त्यावर साधारण दर दहा-अकरा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं, हा कारखान्यांतला जुना ठोकताळा आहे.

परत आल्यावर केसिंगवरचा छोटा प्लग काढून त्यांनी प्रेशर गेज जोडलं. चाकांना ठोकळे, हँडब्रेक, पायाचा ब्रेक, लिव्हर डीमध्ये, आणि पूर्ण रेस: पाच सेकंदांच्या आत संपवायची ही परीक्षा, कारण या वेळात इंजिनची सगळी ताकद ऑइल तापवण्यातच जाते. दाब गार असताना ठीक, गरम झाल्यावर ढिला. म्हणजे पातळ झालेलं ऑइल कुठूनतरी आतल्या आत निसटत होतं. असं निदान गेजशिवाय होत नाही, हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आले. ते माझ्या गाडीसाठी करणारा माणूस भेटायला मला तीन दुकानं आणि सात फोन लागले.

पॅन उतरवल्यावर त्यांनी व्हॉल्व्ह बॉडी स्वच्छ टेबलावर घेतली. पुसायला धागे न सुटणारा कागद होता, ते मी बघून घेतलं. उघडताच आतल्या चेंडूंच्या जागांचे फोटो काढले. हे चेक बॉल छऱ्यांसारखे असतात. एक चुकीच्या खाचेत गेला तर एखादा गिअरच हरवतो. मग प्रत्येक बोअरवर व्हॅक्यूम लावून बघितलं. जिथे व्हॅक्यूम टिकत नाही, तिथे बोअर झिजलेला. लॉकअपच्या व्हॉल्व्हचा बोअर झिजला होता. स्पूल वर्षानुवर्षं तिथल्या तिथे थरथरतो आणि मऊ ॲल्युमिनियम खात जातो. अशा गाडीवर नुसतं शिफ्ट किट चढवलं असतं, तर वाढवलेला दाब त्याच भगदाडातून निघून गेला असता.

बोअर रीम करून, म्हणजे कातून जरा रुंद करून, मोठ्या मापाचा व्हॉल्व्ह घालायचा, हे ठरलं. मग मी माझी मूळ मागणी पुढे केली: सगळेच गिअर ठाम करा. ते सरळ नाही म्हणाले.

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण बदल करून घेणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच चुकते. गिअर मऊ पडावा म्हणून कंपनी आत ॲक्युम्युलेटर ठेवते. स्प्रिंगवर बसलेला छोटा पिस्टन. क्लचकडे निघालेलं ऑइल आधी याला ढकलतं, म्हणून क्लचवरचा दाब एकदम न चढता हळूहळू चढतो आणि आपल्याला झटका बसत नाही. त्याचा मोबदला क्लच देतो, दर वेळी थोडा घसरून. ॲक्युम्युलेटर अडवून टाकला, प्लेटची भोकं मोठी केली की घसरण कमी होते, पण तोच धक्का शाफ्ट, सील, इंजिनचे माउंटिंग यांच्यावर जातो. मिस्त्रींचं म्हणणं असं की सतरा वर्षांच्या सीलवर सगळीकडून दाब वाढवला तर आज ठाम वाटणारी गाडी सहा महिन्यांत रिव्हर्स घ्यायची नाही. शिवाय दाब किती हवा ते इलेक्ट्रॉनिक युनिट ठरवतं. गिअर पडायला किती वेळ लागला हे मोजून ते पुढच्या खेपेला दुरुस्ती करतं. त्याला न कळवता आतली भोकं बदलली तर ते आपल्या कामावर पाणी फिरवत बसतं.

म्हणून त्यांनी फक्त दुसऱ्या-तिसऱ्याच्या ॲक्युम्युलेटरची स्प्रिंग थोडी कडक केली आणि प्लेटवरचं एकच भोक वाढवलं, तेही तीन वेळा मोजून, कारण भोक मोठं करता येतं, लहान करायचं तर नवी प्लेट आणावी लागते. बसवताना चेक बॉल जागेवर चिकटवायला ग्रीस नाही, पेट्रोलियम जेली वापरली. ती गरम ऑइलमध्ये विरघळते, ग्रीस वाटा तुंबवतं. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळले. हे बोल्ट जेमतेम दहा न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असतात. हाताच्या अंदाजाने जोर लावला तर ठोकळा किंचित वाकतो आणि स्पूल अडकतो. रेडिएटरच्या पुढे एक वेगळा ऑइल कूलर बसवला. रेडिएटरमधून निघालेलं ऑइल आधी त्यात जातं, मग गिअरबॉक्समध्ये परत येतं. शेवटी युनिटमधली जुनी शिकवण पुसून गाडी रस्त्यावर नेऊन नव्याने शिकवली. त्याच चढावर आता तापमान ९६ अंशांच्या वर गेलेलं नाही.

निघताना त्यांनी हाताने लिहिलेला कागद दिला: कोणतं भोक किती मिलिमीटरचं किती केलं, कोणती स्प्रिंग बदलली, कोणतं ऑइल किती घातलं. उद्या गाडी दुसऱ्या कोणाकडे गेली तर त्याला कळावं म्हणून. बदल करून देणाऱ्या दुकानांकडून असा कागद घ्यायचा असतो हे मला माहीत नव्हतं. इथे मी वाचकांना आग्रहाने सांगेन: कागद द्यायला जो कुरकुर करेल, त्याने आत काय केलं ते त्यालाही पुढच्या वर्षी आठवणार नाही.

आता पुन्हा त्या आयुष्यभराच्या ऑइलकडे. जगभरच्या अनेक गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः आपल्या ऑटोमॅटिकमधलं ऑइल साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरना किंवा आठ वर्षांनी बदला असं सांगते. गिअरबॉक्स बनवणारा बदला म्हणतो आणि तोच बसवून गाडी विकणारा कधीकधी गरज नाही म्हणतो. कोणाचं ऐकायचं? या गिअरबॉक्सची जान ऑइलमध्येच आहे. इंजिनमध्ये ऑइल वंगण असतं, इथे ते वंगण आहे, थंडावा आहे, दाब पोहोचवणारं माध्यम आहे, आणि क्लचला किती घसरू द्यायचं तेही तेच ठरवतं. हर्मान फॉटिंगर यांनी १९०५ मध्ये द्रवातून ताकद पोहोचवण्याच्या या कल्पनेचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी, वाफेच्या टर्बाइनचा वेग प्रोपेलरला झेपेल इतका उतरवायला. मोटारींत ती रुळली ती १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइलमधल्या हायड्रा-मॅटिकपासून. आणि त्या काळातल्या ऑइलमध्ये घर्षण नीट राहावं म्हणून स्पर्म व्हेलचं तेल घालत! १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधताना नाकी नऊ आले. एवढा इतिहास असलेल्या द्रवाबद्दल बघावंही लागत नाही हे वाचून मला राहवलं नाही.

आणि बदलायचं म्हणजे काय, हेही कोणी सांगत नाही. पॅनचा प्लग काढून जे सांडतं ते एकूण ऑइलच्या निम्म्याहूनही कमी असू शकतं. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहतं. म्हणून मिस्त्रींनी महिन्याभराच्या अंतराने तीनदा थोडं थोडं बदललं. पातळी बघायची तीही ऑइल गरम असताना. बऱ्याच नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. तिथे ऑइल ठरावीक तापमानाला असताना खालचा प्लग काढून पातळी पाहावी लागते. ज्या दुकानात थर्मामीटर किंवा स्कॅनर नाही, तिथे हे काम अंदाजपंचे होतं.

माझी आपल्याला विनंती दोन गोष्टींची. पुरवणीत दर आठवड्याला नव्या गाडीचा पिकअप, सनरूफ आणि पडद्याचा आकार येतो. कधीतरी गिअरबॉक्स उघडणाऱ्या माणसांवर लिहा: ते काय मोजतात, काय नाकारतात, हे काम शिकतात कुठे. जुन्या ऑटोमॅटिक गाड्या रस्त्यावर वाढत आहेत आणि त्यांच्या मालकांना नेमकी हीच माहिती मिळत नाही. दुसरी, लेखातल्या त्या वाक्याची दुरुस्ती छापावी. जागा कमी असेल तर माझं पत्र कापा, दुरुस्ती कापू नका.

आपली,
एक जुनी वाचक
(निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक)

ता. क. : पत्र पाठवण्याआधी मिस्त्रींना वाचून दाखवलं. नाव-पत्ता छापू नका म्हणाले, टेबलावर आधीच तीन गिअरबॉक्स उघडे आहेत. चूक एकच काढली: माझ्या गाडीला त्यांनी पाच सेकंद रेस दिलीच नव्हती. तीन सेकंदांत सोडली होती.